मामाच्या नाकातला कापूस

डेअरीत दुधाचा कॅन आला की मामा झाकण उचलतो, हुंगतो आणि म्हणतो "घ्या" किंवा "परत". मशीन फक्त फॅट मोजतं. नासकं दूध ओळखायचं काम मामाकडे. आमचं घर त्यावरच चालतं. म्हणजे घरात नाक एकच, बाकीच्यांना नुसती भोकं.

हे नाक जपायला मामानं स्वतःच एक उपाय काढला होता. कामावरून सुटला की दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे. फोडणी, धूर, माझे मोजे, काही म्हणजे काही आत जाता कामा नये. रात्रभर तोंडानं श्वास, सकाळी कोरडा घसा आणि खोकला. वर म्हणायचा, "नाकालाही सुट्टी लागते रे."

मग घरात कुजका वास सुटला. मामीनं मोरी घासली, कपाटामागे मेलेला उंदीर शोधला. मोज्यांवरचा आरोप मी निमूट मान्य केला. शेवटी कळलं, मामा जवळ आला की वास वाढतो. मामाला मात्र त्याचा पत्ताच नव्हता.

"सांग की त्यांना," मामी कुजबुजली.

"तू सांग. नवरा तुझा आहे."

"आणि मामा कुणाचा?"

कुणीच सांगेना. तुला हा वास येत नाही, म्हणजे... वाक्य तिथंच अडायचं. शेवटी खोकल्याचं निमित्त करून मी त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी नाकात चिमटा घातला आणि एक काळपट बोळा ओढून काढला. नर्स खिडकीकडे धावली. मामा मख्ख बसून होता.

"जुना आत सरकला आणि तुम्ही त्यावर नवा कोंबलात," बाई म्हणाल्या. "अहो, नाक हवा गाळतं, कोमट करतं, ओलावा देतं, मग छातीत सोडतं. तुम्ही राखणदारालाच डांबलंत."

"आणि वास?" मामानं विचारलं.

"वास ओळखायची जागा पार वर, नाकाच्या छताशी. हवा तिथं पोचायला हवी. दोन्ही बाजू सुजल्यात. सूज उतरेल, पण वास परत येईलच, असं आज सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मग इतके दिवस दूध कसं घेत होतास?"

"कॅन आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून."

मला हसू आलं, पण पुरतं बाहेर पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामी म्हणाली, "सोबत जा." गेलो. मामानं पहिल्या कॅनला हातच लावला नाही. सरळ मॅनेजरसमोर उभा राहिला.

"साहेब, मला वास येत नाही."

"सर्दी झाली का?"

"नाही. बरेच दिवस येत नाही."

मॅनेजरनं आधी मामाकडे पाहिलं, मग दूध घेऊन बाहेर निघालेल्या टेम्पोकडे. फोन उचलला.

"कुठलं दूध थांबवू?"

"सगळं," मामा म्हणाला.