उन्हाला भिणारी काच

मी दीपगृहाची काच बोलतेय. समुद्राच्या लाटा अंगावर घेतलेली, वादळं पाहिलेली. तरी सांगते, माझ्याएवढं भित्रं या संभाजीनगरात दुसरं कोणी नसेल. मला भीती वाटते ती उन्हाची.

मी घडले विलायतेत. आम्ही आठ बहिणी, पितळी चौकटीत गोल बसवलेल्या. मधोमध रॉकेलचा दिवा. पाऱ्याच्या कुंडात तरंगत आम्ही फिरायचो. भलं थोरलं धूड, पण एका बोटानं फिरे. चावीच्या यंत्राला लोखंडी वजन टांगलेलं, ते खाली आलं की पुन्हा वर चढवायचं. इवल्याशा ज्योतीचा उजेड आम्ही दूर गलबतांपर्यंत पोचवायचो. कोकणासमोरच्या त्या बेटावर आमचा केवढा रुबाब!

पण आमच्यात एक खोड आहे. आतला उजेड जसा बाहेर फेकतो, तसं बाहेरचं ऊन आत एका ठिपक्यात गोळा करतो. म्हणून पहाटे दिवा मालवला की जाड पडदा ओढायचाच.

कडुबा तिथं नोकरीला आला तेव्हा बाविशीचा होता. वैजापूरकडचा गडी, समुद्र कधी पाहिलेला नव्हता. जुन्या रखवालदारानं पडदा सारून माझ्यामागं बिडी धरली. काडी न ओढता ती पेटली, तसा कडुबा दोन पावलं मागं सरला. त्यानंतर तीस वर्षांत त्याचा पडदा एकदाही चुकला नाही. मऊ कातड्यानं मला असं पुसायचा, जसं लेकराचं तोंड पुसावं.

पुढं विजेचे छोटे दिवे आले. बहिणी संग्रहालयात गेल्या. माझ्या कोपऱ्याचा टवका उडालेला, म्हणून मी लिलावात. कडुबानं मला उचललं आणि निवृत्त होऊन सिडकोतल्या घरी आणलं. पश्चिमेच्या खिडकीत लाकडी घोडीवर बसवलं. त्याची बायको आशाबाई म्हणाली, सवत आणली म्हणायची. पण पडदा तिनंच शिवला.

मग कडुबा विसरायला लागला. चहा पिऊन पुन्हा चहा मागायचा. सोमनाथला, पोटच्या पोराला, धाकट्या भावाच्या नावानं हाका मारायचा. मला रोज एकच घोर. आज पडदा आठवेल ना?

एप्रिलात वाऱ्यासाठी त्याची खाट खिडकीशी घेतली. एका दुपारी त्यानं मला पुसलं, लख्ख केलं आणि तसाच आडवा झाला. पडदा उघडाच राहिला.

पाच वाजले. सूर्य खिडकीत उतरला. माझ्यातून निघालेला ठिपका कापसाच्या गादीवर पडला. बारीक धूर निघाला. ठिपका सरकत सरकत त्याच्या बाहीकडं चालला. हाक मारायला मला तोंड नाही हो! ज्यानं मला जपलं, त्यालाच मी जाळत होते.

आशाबाईला जळका वास आला. आधी तिला वाटलं, शेजारी कोणाचं तरी करपलं. मग धावली, कळशीच उपडी केली. कडुबाच्या दंडावर टपोरा फोड आला होता.

सोमनाथ म्हणाला, उद्याच भंगारवाल्याला देऊन टाकतो. आशाबाईही तेच म्हणाली. कडुबा ओल्या खाटेवर बसून माझ्याकडं बघत म्हणाला,

"काचंचा काय गुन्हा? पडदा माझ्याकडं होता. मी इसरलो. आन् उंद्या बी इसरंन."

एवढं बोलून तो रडला. मग सोमनाथला म्हणाला, "काळा रंग आण. मीच लावतो. पण हिला घरातून काढू नको."

आशाबाईनं डोळ्याला पदर लावला आणि होकाराची मान डोलावली.

ज्या हातांनी तीस वर्षं मला चकचकीत ठेवलं, त्याच हातांनी त्यानं मला काळं केलं. रंग लावताना तो माझी माफी मागत होता. तुम्हाला वाटेल, आंधळी झाल्याचं मला दुःख असेल. देवाशपथ सांगते, मला हायसं वाटलं.

पण त्याच्या कापऱ्या हातातून मधोमध बोटभर जागा सुटली आहे. ती कोणाच्या ध्यानात आलेली नाही, आणि काच काळी झाली म्हणून पडदाही आता कोणी ओढत नाही. पाच वाजत आलेत आणि कडुबा खिडकीखाली झोपलाय.

आशाबाई, डब्यात रंग उरलाय. लवकर या, माझ्यावर अजून एक हात फिरवा.