तांबू बाहेर येईपर्यंत

डोक्याला तेल चोळून ऋजुता वाटीत उटणं कालवत होती, तेवढ्यात खाली पहिली माळ कडाडली आणि तिच्या हातून वाटीच निसटली.

बाहेर धड उजाडलंही नव्हतं. फटाक्यांसाठी सरकारने सकाळचा एक तास ठरवून दिलेला, तो सुरू व्हायचा होता. पण माळ लावणारे खुद्द सोसायटीचे सेक्रेटरी; ठरवून दिलेलंच पाळायचं, तर मग माणसाने सेक्रेटरी व्हायचं तरी कशाला?

तयारी तिची जय्यत होती, फक्त उद्याची. साताऱ्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे पोरं चार लवंगी उडवतात. खरा धुडगूस लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. मागच्या दिवाळ्यांना ती माहेरी होती, चेन्नईतली ही पहिलीच. म्हणून तिने मराठी कॅलेंडर बघून सगळं आखलं होतं. मधल्या, बिनखिडकीच्या न्हाणीघरात तांबू कुत्र्याची गोधडी, वासासाठी तिचा जुना गाऊन, बाहेरचा आवाज बुडवायला पंखा. डॉक्टरांची गोळी फ्रीजवर. "फटाके सुरू व्हायच्या आधी द्या, नंतर दिलीत तर फारसा उपयोग नाही," असं त्यांनी बजावलं होतं. नवऱ्याच्या, गंधारच्या कंपनीने आज सुट्टी दिली तेव्हा तिला कौतुकच वाटलं होतं, अभ्यंगाची सुद्धा सुट्टी देतात म्हणून! इथली दिवाळी म्हणजे आजची पहाटच, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

तांबू सोफ्यामागे शिरला होता. तांबरम स्टेशनबाहेर फुलवालीच्या गाड्याखाली सापडलेलं पिल्लू, म्हणून तांबू. तान्ही इरा रडायला लागली की आईच्या आधी पाळण्याशी पोचणारा. आता नुसता थरथरत होता, जीभ बाहेर, डोळे भलतीकडेच.

"आले रे बाळा, चल आत, चल," म्हणत ती वाकली, आणि दाराची बेल वाजली.

या इमारतीत न्हाणं झालं की घरोघरी फराळाची ताटं फिरतात. गंधारने इराला कडेवर घेऊन दार उघडलं. दारात वरच्या मजल्यावरच्या जयंतीअक्का, नव्या रेशमी साडीत, हातात अधिरसम आणि मुरुक्कूचं, म्हणजे इथल्या अनारशा-चकल्यांचं ताट. त्यांनी तोंड उघडायच्या आत खाली दुसरी माळ फुटली. गंधारच्या पायांमधून काहीतरी तपकिरी सुटलं आणि जिन्यावरून खाली गेलं.

"तांबू!"

"मी इराला..." गंधार म्हणाला.

"तू तिला घेऊन आत जा. दार लाव!"

ती अनवाणी धावली, केसांतून तेल ठिबकत.

खाली, खांबांच्या मधल्या पार्किंगमध्ये धूर कोंडला होता. फाटक सताड उघडं. पलीकडे मोठा रस्ता, त्यावरून सुसाट जाणाऱ्या बसेस. आणि फाटकापासून थेट गाड्यांपर्यंत सेक्रेटरी सुंदर अंकल, नवं पांढरं धोतर, म्हणजे वेष्टी नेसून, लाल माळ अंथरत होते, दहा हजार फटाक्यांची.

"अंकल, थांबा! कुत्रा सुटलाय माझा. बाहेर गेला का?"

"कुत्रा? नाही बघितला," ते इंग्रजीत म्हणाले. "येईल मॅडम. कुत्रंच ते, जाऊन जाऊन जाणार कुठे?"

"रस्त्यावर जाईल! बसखाली जाईल! फाटक तरी लावा."

"पाच मिनिटं. एवढी एक लावतो. नल्ल नेरम आहे, चांगला मुहूर्त. आमची परंपरा आहे ही, मॅडम."

"अजून सरकारी वेळसुद्धा झालेली नाही!"

"वर्षातून एक दिवस! तुमच्या कुत्र्यासाठी काय आम्ही दिवाळी बंद करायची?"

त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. गॅलरीतून कुणीतरी हसलं. ऋजुताचे कान तापले. वर कडेवर तान्ही पोर दचकतेय, इथे कुठेतरी एक जीव फुटायच्या बेताला आलाय, आणि हा गृहस्थ मुहूर्त सांगतोय. तामिळमधून भांडायला तिला येत नव्हतं. मग ती चार पावलं पुढे गेली आणि त्या माळेवर फतकल मारून बसली.

"आता पेटवा," ती मराठीत म्हणाली.

अंकल एक पाऊल मागे सरले. "मॅडम, उठा. सणाचा दिवस. डोक्याला तेल..."

"तांबू सापडेपर्यंत उठणार नाही."

"काय झालें गे?" मागून जयंतीअक्का धापा टाकत आल्या. तंजावरकडच्या त्या, मराठी जुन्या वळणाची, तामिळ हेलातली. हातात ताट तसंच. "माझ्यापायीं दार उघडलें की, पोरी." त्यांनी ऋजुताकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं. मग ताट सुंदर अंकलांच्या हातात दिलं, निऱ्या सावरल्या आणि शेजारी बसल्या.

"अक्का, साडी खराब होईल."

"होऊं दे गे, धुवूं." आणि अंकलांकडे वळून त्यांनी तामिळमध्ये असं काही झापलं, की गॅलरीतलं हसू तिथल्या तिथे विरलं.

मग शांतता झाली, पहाटेपासून पहिल्यांदाच. आणि त्या शांततेत किणकिण ऐकू आली, बारीक, न थांबणारी. तांबूच्या गळ्यातला बिल्ला, त्याच्या थरथरीने वाजणारा. ऋजुताने त्यावर आपला फोन नंबर कोरून घेतला होता.

आवाज अंकलांच्याच पांढऱ्या गाडीखालून येत होता.

अंकल ताट घेऊनच वाकले. "आहे, आहे! ओढून काढू?"

"नको! ओढलंत तर पिसाट धावेल. आधी फाटक लावा."

अंकल गेले. एका हाताने ताट सांभाळत, दुसऱ्याने त्यांनी फाटक ओढलं, कडी घातली. परत येऊन उभे राहिले, नव्या वेष्टीत, जरा ओशाळलेले.

"किती वेळ लागेल?"

"ते त्याला विचारा."

"मुहूर्त..."

"मुहूर्त त्याचा आता," जयंतीअक्का म्हणाल्या. "एक मुरुक्कू दे इकडे."

वर इरा रडायला लागली होती, आणि तो आवाज ऐकून ऋजुताची छाती दुधाने भरून आली. मानेवरून तेलाचा ओघळ गाऊनमध्ये उतरला. ती हलली नाही. गाडीकडे न बघता, रोज इराला झोपवताना गुणगुणते तसं काहीबाही गुणगुणत बसली.

गाडीखालची किणकिण थांबली नव्हती. पण आता ती मधे मधे अडखळत होती, थरथर ओसरत चालल्यासारखी.