अँटिना लावलेला व्हिडिओ गेम

साहेब, तुम्ही चोर आहात. नाक्यावर बसून लेकराचं खेळणं हिसकावणाऱ्याला माझ्याजवळ दुसरा शब्द नाही.

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे, हातात धरून खेळायचा. दोन हजार सहा साली महेकच्या मामाने आम्हा दोघा भावांना आखातातून आलापल्लीत आणलं. एक महेकने ठेवला. मला तिने मैत्रिणीला, रिनाला दिलं.

महेकचे अब्बा मुश्ताकभाऊ रेडिओ दुरुस्त करत. त्यांच्या दुकानात टीव्हीला जोडलेला एक मोठा गेम होता. त्याची मिजास भारी! त्याला टेलिफोनची तार लागे. तारेतून तो शहरातल्या मोठ्या संगणकाकडे जाणार आणि तिथून दुनियेत कोणाशीही खेळणार म्हणे. पण पावसात बंद पडलेला फोन दिवाळीपर्यंत मुकाच, म्हणून स्वारी कायम एकटी. आम्हा भावांना तार नको, मधला माणूस नको. हवेतूनच एकमेकांना हाक मारायचो, की दोघींचा खेळ सुरू. मात्र आमची हाक अंगणापलीकडे जात नसे.

रिनाच्या वडिलांची, खुशाल गुरुजींची, बदली मुलचेऱ्याला झाली. जाताना रिना मला महेकजवळच ठेवून गेली. महेकने जेवण सोडलं.

"रडून काऊन राह्यली?" मुश्ताकभाऊ म्हणाले. "रेडिओले अँटिना लावली का नागपूर येते. याले लावतो, मुलचेरा काऊन नाई येणार?"

इथेच माणूस चुकला. रेडिओ नुसता ऐकतो, आम्हाला बोलावंही लागतं, आणि आमचा आवाज बारीक. पण त्यांनी आम्हा दोघांच्या डोक्यावर तांब्याची लांब तार कथलाने डाखली आणि मला थैलीत घालून मुलचेऱ्याला निघाले. इकडे महेक माझ्या भावाला चालू करून छतावर बसली.

वाटेत पोलीस नाक्यावर साहेबांनी थैली उघडली.

"खेळण्याला अँटिना? हा वायरलेस जंगलातल्या कोणत्या नक्षल्याला पोचवतोस?"

"पोरीचं खेळणं होय जी. गुरुजीच्या रिनाले देऊन राह्यलो."

"म्हणजे गुरुजीही सामील?"

चाकूने माझं पोट फाडलं. मग बटण दाबलं, तर पडद्यावर मोटारी धावल्या. सगळे खो-खो हसले. आता सोडतील, असं मला वाटलं. कसलं काय! साहेबांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा मळलेल्या बोटांनी मला धरलं आणि लागले खेळायला. बटणांत थुंकी-सुपारीचा लगदा गेला. मुश्ताकभाऊ बाहेर उकिडवे बसलेले.

"थांब रे, ही रेस होऊ दे!"

ऐकलंत, मित्रांनो? खेळणं आहे हे कळल्यावरही! संध्याकाळी त्यांना हाकललं आणि मला कपाटात टाकलं.

पुढचं मी कपाटातूनच ऐकलं. काही दिवसांनी मुश्ताकभाऊ पुन्हा आले होते, हात जोडून.

"साहेब, गावात लोक म्हणून राह्यले, मुश्ताक जंगलवाल्याइले वायरलेस बनवून देते. मीराबाई दुरुस्तीले टाकलेला आपला रेडिओ खुला तसाच घेऊन गेली. म्हणे, भाऊ, राग नको मानू, पण माह्या घरी पोलीस आले तं? दुकानात आता कोणी येत नाई जी. गेम ठेवा तुमच्यापाशी. फक्त चौकात एकदा सांगा, खेळणं होतं म्हणून."

"तेवढाच धंदा आहे का मला?" साहेब म्हणाले, आणि पचकन थुंकले.

मित्रांनो, खेळणं जपा. पण त्याआधी माणसाचं नाव जपा. ते नासलं, की डाखून जुळत नाही.

साहेब, माझ्या फाटलेल्या पोटाचं मी काही मागत नाही. तुम्ही स्वतः मला खेळवलं आहे, मी काय आहे ते तुम्हाला पक्कं माहीत आहे. मग चौकात येऊन ते एक वाक्य बोलायला तुमची जीभ काऊन झडते? उत्तर द्या.