पुरेल इतकं आयुष्य

जयसिंगरावांनी उकडलेल्या घेवड्याची दुसरी वाटी वजनकाट्यावर ठेवली. काटा स्थिरावायच्या आत सकवारबाई ओट्याला धरून खाली बसल्या आणि तशाच कलंडल्या.

शुद्धीवर आल्या तेव्हा नवरा त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत होता.

"छत्तीस," जयसिंगराव म्हणाले. बायकोची नाडी मोजायची त्यांना रोजची सवय होती, पण आज आवाज फाटला होता. मग ते शेजाऱ्यांकडे रिक्षा मागवायला धावले. बाहेर जाताना तोंडाला रुमाल बांधायचा ते त्या दिवशी विसरले.

त्यांचे वडील आणि दोघे थोरले भाऊ पन्नाशीच्या आतबाहेर हृदयविकारानं गेले होते. पन्नासावं लागलं तसं जयसिंगरावांनी पीण्या या औद्योगिक वसाहतीतलं आपलं लेथचं वर्कशॉप विकलं आणि न मरण्याच्या कामाला लागले. अर्धपोटी ठेवलेले उंदीर जास्त जगतात, असं त्यांनी एका अमेरिकन मासिकात वाचलं. तेव्हापासून राजाजीनगरच्या त्या घरात दोघांचं जेवण तोलून होऊ लागलं. पुतण्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागल्यावर तो ऑफिसातून इंटरनेटवरची पानं छापून आणून देई. जयसिंगराव ती पेन्सिलीनं खुणा करत वाचत.

"आणखी वीस-पंचवीस वर्षं कशीही काढायची," ते म्हणत. "मग हृदय, किडनी, सगळे पार्ट बदलून मिळणार. आपण एकशेवीस सहज गाठू. आणि तिथवर पोचलो की पुढं थांबायचं कारणच नाही."

आपण म्हणजे ते आणि सकवारबाई. बायकोला त्यांनी विचारलं नव्हतं.

धुळीपायी खिडक्या बंद. लग्नाला जायचं नाही, गर्दी असते. मयताला नाही, जंतू असतात. सकवारबाईंची थोरली बहीण कृष्णाबाई धारवाडहून दोनदा आली; खोकते म्हणून तिला बाहेरच्या खोलीत बसवलं, तिथूनच ती परत गेली. तिच्या मुलीच्या लग्नाचे फोटो तेवढे पोस्टानं आले. सकवारबाई भांडल्या नाहीत. नवरा भित्रा आहे हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं, आणि भ्यालेल्या माणसाशी भांडून हाती काही लागत नाही. पूर्वी एखादी दुपार सरता सरत नसली की त्या मनाशी म्हणत, राहिलेत किती दिवस आता. एकशेवीसचा हिशेब ऐकल्यापासून तेही म्हणता येईना.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर हयवदन त्यांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले. तेही घरी मराठी बोलणारे होते, हळू आवाजात समजावून सांगत होते.

"अक्का, तुमच्या हृदयाला ठोक्याचा निरोप वेळेवर पोचत नाही. कातडीखाली एक छोटं यंत्र बसवू. ते ठोका देत राहील."

"आणि नाही बसवलं तर?"

"अशी चक्कर पुन्हा येईल. दर वेळी शुद्धीवर याल, असं मी सांगू शकत नाही."

जयसिंगरावांनी यंत्र कुठं बनतं, तार कुठून जाते, सगळं विचारून घेतलं. बॅटरीचं आयुष्य आठ वर्षं, स्वल्प इकडंतिकडं, असं डॉक्टर म्हणाले. संपली की नवीन बसवायची.

"बघ," जयसिंगराव बायकोकडे वळले. कालपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला होता. "मी सांगत नव्हतो? संपली की नवी. ती संपली की पुन्हा नवी. माझ्या आधी तुझ्यापासूनच सुरुवात झाली."

"नको," सकवारबाई म्हणाल्या.

"दुखत नाही गं. जागा बधिर करतात."

"दुखण्याचं नाही. मला बसवायचंच नाही."

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुम्ही बोलून घ्या. पण संध्याकाळच्या आत सांगा," म्हणून ते उठून गेले.

जयसिंगराव बोलत राहिले. आधी समजावलं, मग चिडले, मग पुन्हा समजावलं. सकवारबाई छताकडे बघत ऐकत होत्या. सकाळपासून त्यांना फार हलकं वाटत होतं. कोपऱ्यातलं एक दार जणू कुणीतरी उघडं टाकून गेलं होतं, आणि तिकडे जायला त्यांना उठायचीही गरज नव्हती. नाडी बघायला जयसिंगरावांनी हात पुढे केला. सकवारबाईंनी आपला हात चादरीखाली घेतला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

जयसिंगरावांनी पुढे केलेला हात मागं घेतला. ते म्हणाले,

"मग मी एकटा काय करू? इतकी वर्षं?"

सकवारबाईंनी मान वळवली. बारा वर्षं तोलून खाल्ल्यानं नवऱ्याच्या शर्टाची कॉलर मानेपासून सुटून उभी होती. ते उत्तराची वाट बघत होते. आजवर त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्यापाशी आधीच तयार असत.

"आठ वर्षं म्हणाले ना?" सकवारबाईंनी विचारलं.

"कमीजास्त. पण ती बदलता—"

"बदलायची नाही."

त्यांनी हात चादरीबाहेर काढला, पदर नीट केला.

"आठ वर्षं मी राहते. पोटभर जेवीन. धारवाडला जाईन, कृष्णाक्का आपल्याकडे येईल आणि आत येऊन बसेल. मग ते यंत्र थांबलं की थांबू द्यायचं. हे कबूल असेल तर डॉक्टरांना बोलवा."

"अगं, आठ वर्षांत शास्त्र कुठल्या कुठं..."

त्या नवऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. बाहेरून चहाची ढकलगाडी गेली. जयसिंगराव आपल्या पंजांकडे बघत बसले होते, ओठ हलत होते.

"आठ वर्षांनी मी सत्तरचा होईन," ते म्हणाले.

स्वतःच्या पुढच्या वयाचा इतका लहान आकडा सकवारबाईंनी त्यांच्या तोंडून कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

"पुष्कळ झालं की," त्या म्हणाल्या.

जयसिंगराव उठून डॉक्टरांना शोधायला गेले.