शिळं माप

शनिवारी घरमालक यायचा होता. पडदे शिवायची खोली ठेवायची की सोडायची, एवढंच त्याला ऐकायचं होतं, आणि सासूबाईंचं उत्तर ठरल्यासारखंच होतं. सोडते म्हणून सांगायचं, मशिनं विकायची, कारागीरदादाला दुसरीकडे चिकटवून द्यायचं आणि आपण गुडघ्याला तेल चोळत बसायचं.

हा गुडघाच सगळ्याच्या मुळाशी होता. सासूबाई अर्धं आयुष्य लोकांच्या घरी जाऊन, स्टुलावर चढून खिडक्यांची मापं घेत आल्या. मग एके दिवशी एका स्टुलानं दगा दिला आणि डॉक्टरांनी चढणं-उतरणं बंद केलं. तेव्हा सून पुढे आली. ती एका ऑफिसात वेबसाइटची कामं करायची. "आई, तुम्ही कशाला चढताय? लोक आपापली मापं घेतील, पानावर भरतील, आपण पडदे शिवून पाठवू," असं म्हणाली आणि नोकरी सोडून घरची वेबसाइट करायला बसली. नवऱ्यानं एकदा विचारून पाहिलं की यासाठी नोकरीच सोडायला हवी होती का. पुन्हा विचारलं नाही.

वेबसाइट झाली, आणि देखणी झाली. सासूबाईंच्या सगळ्या सवयी सुनेनं तिच्यात घातल्या. त्यातली एक तर या खोलीतला कायदाच होता: शिळं माप वापरायचं नाही. फार पूर्वी पडून राहिलेल्या मापावर सासूबाईंनी भारी कापड कापलं होतं. गिऱ्हाइकानं मधल्या काळात खिडकीच बदललेली. तेव्हापासून, दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं तसं, माप आलं की त्याच दिवशी कात्री लावायची, आणि पडून राहिलेलं माप फाडून टाकायचं. सुनेनं पानावरही तीच सोय केली. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की भरलेलं सगळं पुसलं जायचं. सासूबाई इतक्या खूश झाल्या की कारागीरदादाला चहा सोडून बघायला बोलावलं.

आणि लोक येत होते. नुसतेच येत होते. कापडं बघायचे, रंग निवडायचे, मापाच्या पानापर्यंत पोचायचे आणि तिथून नाहीसे व्हायचे. नवऱ्याचं मत पडलं की फोटो वाईट आहेत. फोटो बदलले. बटण हिरवं होतं ते निळं केलं, निळ्याचं केशरी केलं. लोक केशरी बटणालाही तितक्याच प्रेमानं टाळत राहिले.

सोमवारी सुनेनं हात टेकले आणि मग, हात टेकल्यावरच माणसाला सुचतं तसं, तिला तिच्या जुन्या ऑफिसातली युक्ती आठवली. पानावर आलेला माणूस काय करतो हे टिपून ठेवणारं एक साधन असतं. ते तिनं जोडलं. पाहुण्याला आधी विचारायचं, तो हो म्हणाला तरच टिपायचं, आणि त्यानं लिहिलेलं नाव-पत्ता-आकडे सगळे ठिपक्यांखाली झाकायचे.

बुधवारी तिनं पहिल्यांदा उघडलं तेव्हा सासूबाई काजाला टाके घालत होत्या.

"लोकांच्या घरात डोकावणं बरं नव्हे," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"घरात नाही डोकावत, आई. आपल्याच दुकानात कोण कुठे थबकतं ते बघतेय. तुम्ही नाही का, गिऱ्हाइकाचा हात कुठल्या कापडावर रेंगाळतो ते बघायचात?"

हे सासूबाईंना पटलं. पटलं म्हणजे त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

स्क्रीनवर मापाचं पान आलं. लोक जिथे जास्त थांबतात तिथे रंग तापत जायचा, आणि मापाची चौकट निखाऱ्यासारखी लाल झाली होती. मग सुनेनं एकेका पाहुण्याची टिपलेली भेट चालवली. बाणाचं छोटं टोक पानावर फिरू लागलं आणि सासूबाई शिवण विसरल्या. "हा घाबरट आहे, नुसता कडेकडेनं फिरतोय." "ही चोखंदळ. बघ, परत पहिल्या कापडावर आली." "याला बायकोनं बसवलंय, याचं लक्षच नाही." कारागीरदादाही पायाखालचं मशीन थांबवून मागे उभा राहिला. टोक बटणाजवळ गेलं की तिघांचा श्वास अडकायचा, आणि लांब गेलं की तिघं हळहळायचे. सुनेला हसू आवरेना. इतक्या दिवसांत ही खोली एवढी जागी तिनं पाहिली नव्हती.

पण सगळ्यांची गाडी त्याच चौकटीपाशी अडत होती. टोक तिथे यायचं आणि गप्प पडायचं.

"पैसे बघून बिचकले," दादा म्हणाला.

"पैसे पुढच्या पानावर आहेत," सून म्हणाली. "इथपर्यंत त्यांना ते दिसतच नाहीत."

मग ती भेट लागली. पाहुणीनं कापड निवडलं, चार खिडक्या आहेत असं सांगितलं. पाहुणी बाईच होती हे सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं. पहिल्या खिडकीचे ठिपके भरले आणि टोक गप्प झालं. सुनेनं भेट भरभर पुढे सरकवली. टोक पुन्हा हललं, पण तोवर पान कोरं झालं होतं. पाहुणी जराशी थांबली. तिनं परत कापड निवडलं, परत पहिली खिडकी भरली, दुसरी भरली, आणि परत टोक गप्प. परत आली तर परत कोरं. या खेपेला टोक त्या रिकाम्या चौकटीवर गरागरा फिरलं, दहा ठिकाणी आपटलं आणि निघून गेलं.

सुनेनं ती भेट मागे नेऊन पुन्हा चालवली.

"आई, ही मधे जाते कुठे?"

सासूबाई स्क्रीनकडे बघत होत्या. त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला होता.

"जाईल कुठे? खिडकीशी गेलीय. टेप शोधेल, स्टूल ओढेल, चढेल, माप घेईल, उतरेल. एका खिडकीला तेवढा वेळ लागतोच." मग त्या सुनेकडे वळल्या. "अगं, त्या बाईला आपण दोन-दोनदा स्टुलावर चढवलंय. आणि खाली उतरली की तिचं माप फाडून टाकलंय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. बटणाला तीन-तीन रंग लावून झाले होते आणि खोट होती ती घरच्याच कायद्यात. सुनेला एकाच वेळी नाचावंसं वाटत होतं आणि तोंड लपवावंसं वाटत होतं. कळलं होतं. अखेर कळलं होतं. पण ते दुरुस्त करायचं म्हणजे सासूबाईंचा कायदा मोडायचा, आणि तो मोडा म्हणून त्यांना सांगायची छाती आजवर या घरात कुणाची झाली नव्हती.

"आई, ते पुसणं काढून टाकू?"

"विचारतेस काय? काढ."

सुनेनं दुपारभर बसून ते काढलं. पान आता कितीही वेळ तसंच राहणार होतं. चौकटीच्या वर काय लिहायचं ते सासूबाईंनी सांगितलं: सावकाश मापं घ्या, स्टूल नीट टेकवा, तुम्ही येईपर्यंत इथलं काही हलणार नाही.

गुरुवारी दोन पडद्यांची मागणी आली आणि दादानं ती सगळ्या गल्लीला सांगितली. पण एवढ्यानं खोली राहत नव्हती. शुक्रवारी दुपारी सासूबाई स्वतःच स्क्रीनसमोर बसल्या. पानावर त्या क्षणी कोण आहे तेही त्या साधनात दिसायचं, आणि पूर्वी येऊन गेलेल्या पाहुण्यापुढे त्याचा जुनाच क्रमांक लागायचा.

"ती चार खिडक्यांवाली येईल," त्या म्हणाल्या.

"चिडून गेलीय, आई."

"चिडली तरी खिडक्या उघड्या आहेत ना तिच्या?"

आणि ऊन कलता कलता तो क्रमांक खरंच दिसला. सुनेनं दादाला हाक मारली, दादानं नवऱ्याला फोन लावला आणि तो तसाच चालू ठेवला. कापड निवडलं गेलं. पहिली खिडकी भरली. टोक गप्प झालं.

"गेली," सासूबाई कुजबुजल्या, जणू पलीकडे ऐकू जाईल. "चढली असेल आता."

खोलीत मशीन बंद, पंखा बंद. तिघं देव पाण्यात घालून बसल्यासारखे बसले होते. सुनेनं लिहिलेली ओळ न् ओळ मनात पुन्हा तपासली. कुठे चुकलं असेल तर? टोक हललं. चौकटीपाशी आलं आणि तिथेच थबकलं. पहिल्या खिडकीचे ठिपके जागच्या जागी होते. मग टोक सरळ पुढच्या रकान्यात गेलं. दुसरी खिडकी. परत शांतता. तिसरी. तिसरीनंतर इतका वेळ लागला की फोनवरून नवऱ्यानं विचारलं, पडली की काय. सासूबाईंनी त्याला गप्प केलं. चौथी भरली, आणि टोक त्या केशरी बटणावर जाऊन टेकलं.

मागणी आल्याची घंटी वाजली. सुनेनं सासूबाईंना मिठीच मारली. इतक्या वर्षांत ते कधी घडलं नव्हतं, त्यामुळे दोघींनाही हात कुठे ठेवावेत ते कळेना. दादा डोळे पुसत म्हणाला, "बाई, उद्या घरमालकाला काय सांगायचं?"

"ते उद्या बघू. आधी ते हिरवं कापड काढ."

"आता? सोमवारी कापू की. घाई कुठे आहे?"

सासूबाईंनी कात्री उचलली होती. खूप दिवसांनी त्या टेबलाशी काठीशिवाय उभ्या होत्या.

"पुसायचं काढून टाकलं म्हणून कायदा नाही मोडला मी," त्या म्हणाल्या. "वेळ लावायचा तर तिनं लावावा, ती चढतेय. आपण नाही लावायचा. माप शिळं होतं ते आपल्याकडे पडून. सूनबाई, आकडे सांग."

सुनेनं चार खिडक्या वाचून दाखवल्या, आणि दादानं पंखा लावायच्या आधीच पहिला काप गेला.