वायद्याच्या आधी

महांतेश यांचा शिरोली एमआयडीसीत लेथ यंत्रावर सुटे भाग कातण्याचा छोटा कारखाना होता, आणि व्यवहारात त्यांचे एकच व्रत होते : पैसे वायद्याच्या दिवशीच द्यायचे, नंतर तर नाहीच, पण आधीही नाही. "आधी धाडणारा आपल्याच शब्दाला भितो," असे गुळाची अडत चालविणारे त्यांचे वडील म्हणत. पोलादाच्या खरेदीने क्रेडिट कार्ड दरमहा काठोकाठ भरे, आणि मुदतीच्या अखेरच्या दिवशी महांतेश ते पै न् पै चुकते करीत. त्यामुळे क्रेडिट स्कोअर कमी म्हणून दुसऱ्या लेथचे कर्ज अडले, तेव्हा तो त्यांना घराण्याचाच अपमान वाटला. विक्रेता तर दिवाळीपुढे थांबायला तयार नव्हता.

"एकदा तरी चुकलोय व्हय मी?" जेवता जेवता ते गरजले.

"न्हाई अप्पा," कारखान्याचे हिशेब पाहणारी त्यांची मुलगी सौंदर्या म्हणाली. "पण बिल निघतं त्या दिवशी कार्डावर जेवढी बाकी दिसते, तेवढीच बँक स्कोअरवाल्यांना कळवते. तुम्ही भरता त्याच्यानंतर. बघणाऱ्याला तुमचं कार्ड कायम तुडुंब, म्हणजे माणूस कर्जात बुडालेला! बिल निघायच्या आधी भरा की."

"मागायच्या आधी द्यायचं? आन् मागनं भरतोय ते दिसत न्हाय? आंधळी हायत काय?"

"तुम्हाला तरी आपले लेथवरचे गुंडूमामा काम करताना कुठं दिसतात? रोज नेमके चहाच्या वेळेला जाता, बसलेले बघता, आणि कामचुकार म्हणता."

"तिचं खरं हाय," महांतेशांच्या पत्नी शिवगंगाबाई भाकरी वाढत म्हणाल्या.

महांतेशांनी वाद सोडला नाही. भाकरी मात्र ताटात तशीच राहिली.

पुढचे बिल निघण्याआधीच त्यांनी पैसे भरले, तेही वडिलांच्या तसबिरीकडे पाठ करून. बिल जवळजवळ कोरे आले. ते त्यांना परक्याचे वाटले. पुढल्या महिन्यातही त्यांनी तसेच केले. स्कोअर चढला, कर्ज मंजूर झाले, आणि दिवाळीच्या तोंडावर यंत्र कारखान्यात उतरले.

दुसऱ्या दिवशी महांतेश सकाळीच कारखान्यात गेले. घामाने निथळलेला गुंडू लेथवर वाकलेला होता. शेजारी तयार मालाची रास लागली होती.

"मालक, आज एवढ्या लौकर? काय बिघडलं काय?"

"काय न्हाय. नवं मशीन तूच चालवायचंस." महांतेशांनी मालाची रास न्याहाळली. "चहा घेतलास?"

"न्हाय अजून. तुम्ही येता तवा घेतो की."

"मग आज आधीच घेऊ," महांतेश म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच स्टूल ओढले.