जोडीची वायर

नूतनने पान्याने नट सैल केला आणि दोन बॅटऱ्यांना जोडणारी लाल वायर उपसून काढली. टोकाला हिरवट क्षार धरला होता. तो तिने दात घासायच्या जुन्या ब्रशने झटकला.

"काढलीस पुन्यांदा?" होडीच्या मागच्या टोकाला मोटरपाशी बसलेले तिचे सासरे, सोनबा, ओरडले. "ऱ्हाऊ दे म्हणलं न्हवतं?"

"आबा, एकीवर मशीन चालवायचंय, एकीवर मोटर. वेगळ्याच लागणार."

"बरं, बरं. पर अडलं तर जोडी लाव परत."

नूतनने मान हलवली आणि ती वाकून ताडपत्रीखाली गेली. होडीच्या मध्यभागी वाकवलेल्या बांबूंवर ती ताडपत्री ताणली होती. खाली तिच्या सासूबाई, सगुणाबाई, गोधडीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या नाकातली नळी ऑक्सिजनच्या मशीनला जात होती, मशीनची पिन इन्व्हर्टरला, आणि इन्व्हर्टरचे चिमटे नव्या बॅटरीला. मोटर जुन्या बॅटरीवर होती. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा होता. त्यावरचा आकडा नूतन येता-जाता बघत होती.

आठवडाभराच्या पावसाने विजेचे खांब आडवे केले होते आणि रस्त्यावर दरड आली होती. धरणाच्या पाण्यापलीकडे, भाटघरच्या बाजूला, नूतनचा नवरा गोरख ॲम्ब्युलन्स घेऊन उभा होता. वस्तीवर होडी ही एकच, आबांची, मासे धरायची. आबा पडले तेव्हापासून त्यांचा उजवा खांदा वर होत नव्हता, म्हणून तर गोरखने होडीला बॅटरीवरची मोटर बसवली होती.

दुसरी बॅटरी त्याने गेल्या दिवाळीत आणली. तो पुण्याला परत गेला त्याच दिवशी आबांनी ती जुनीला जोडून टाकली.

"नवा गोऱ्हा कुनी एकटा जुंपतं का?" ते म्हणाले होते. "जुन्या बैलासंगं जुंपला की आपसूक वळनावर येतो."

नूतन भोरच्या कॉलेजात फिजिक्स शिकलेली. जुनीतला एक सेल मेलाय, सोलरची प्लेट जे नवीत भरते ते जुनी ओढून घेते आणि वाया घालवते, असं तिने समजावलं होतं. आबा हसले होते. चुलीपुढून सगुणाबाई म्हणाल्या होत्या, "माजं बगा की. तुमच्यासंगं जुंपून जलम गेला. वळन कुनाला लागलं?"

त्यावर आबाच सगळ्यांत जास्त हसले. नूतनने वायर काढली की दुसऱ्या दिवशी ती जागेवर असायची. पुढे तिने काढणं सोडून दिलं.

या आठवड्यात प्लेटला ऊन असं दिसलंच नव्हतं. सकाळी तिने नव्या बॅटरीला मीटर लावलं, आकडा वाचला, टोकं पुसून पुन्हा लावली. आकडा तोच होता.

"जाईल न्हवं पलीकडं?" आबांनी तेव्हा विचारलं होतं.

"जाईल," ती म्हणाली होती, आणि मीटर बंद करून पिशवीत टाकलं होतं.

होडी निघाली. किनाऱ्याकडची बाभळीची झाडं मागे पडली. पाऊस ताडपत्रीवर असा बडवत होता की मशीनची घरघरसुद्धा ऐकू येईना. मधल्या पाण्यात आल्यावर मोटरचा आवाज आधी जाड झाला, मग बसका, मग थांबला.

"नूतन! मेली गं ही."

तिने वल्हं घेतलं. धरणाच्या भिंतीकडून वारा समोरून येत होता. तिच्या प्रत्येक ओढीला होडी नुसतं तोंड फिरवायची आणि परत मागे ढकलली जायची. आबांनी दुसरं वल्हं डाव्या हाताने धरलं, तशी ती गोलच फिरली.

"जोडी लाव," आबा ओरडले. "दोगी मिळून वडतील. नवी एकटी काय करनार?"

नूतन ताडपत्रीखाली शिरली. जोडी लावली तर मेलेली बॅटरी उरलंसुरलं ओढून घेईल आणि दोन्ही थांबतील. नव्या बॅटरीवर मशीन आणि मोटर दोन्ही घातली तरी तेच. नुसती मोटर घातली तर काठ येईल. तिने मोटरच्या वायरचे चिमटे हातात घेतले, आणि तशीच उकिडवी बसून राहिली.

सगुणाबाई तिच्याकडे बघत होत्या.

"किती हाय त्यात?" त्यांनी हळूच विचारलं.

"एकाचंच भागेल, आत्या."

सगुणाबाईंनी दोन्ही कानांमागून नळी सोडवली. नाकातून काढली, पदराला पुसली, बोटांभोवती गुंडाळून मशीनवर ठेवली. मग हात लांब करून मशीनचं बटण स्वतःच बंद केलं. हिरवा दिवा विझला.

"आत्या, नको."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हनुवटीने मागच्या टोकाकडे दाखवलं.

"लावलीस का?" ताडपत्रीपलीकडून आबा ओरडले. "काठ लांब चाललाय!"

नूतनने इन्व्हर्टरचे चिमटे काढले, मोटरचे लावले. चिमटा टेकताच ठिणगी उडाली.

"लावली, आबा."

मोटर चालू झाली. होडीने तोंड सरळ केलं.

"बगितलंस?" आबांचा आवाज पावसावर चढला. "मघाधरनं सांगतोय! जुनीचा खांदा मिळाला तशी कशी निगाली बग. आन् तू म्हनं वेगळी कर, वेगळी कर."

"व्हय, आबा."

तिने आकडा बघायला सासूबाईंचा हात धरला. सगुणाबाईंनी मूठ मिटून, आकड्याचा चिमटा असलेलं बोट आत घेतलं होतं. नूतनने उघडायचा प्रयत्न केला. त्या अशक्त मुठीत एवढी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"ए, ऐकलंस का गं?" आबा आता बायकोला हाका मारत होते. "वळन लागलं का न्हाई नवीला? बोल की! का हारलीस?"

सगुणाबाईंनी तोंड उघडलं. खांदे वर आले, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण शब्द निघाला नाही. त्यांनी नूतनकडे पाहिलं.

"हसतायत आत्या," नूतन मोठ्याने म्हणाली.

"हसनारच!" आबा म्हणाले.

लाल वायर तिच्या मांडीवर पडली होती. ताडपत्रीच्या फटीतून पलीकडचा काठ दिसत होता, आणि काठावर गोरखची छत्री, अजून करंगळीच्या नखाएवढी. नूतनने वायरची गुंडाळी केली आणि आबांना दिसू नये म्हणून गोधडीखाली सरकवली.